एक किडनी, उजवीकडचं दुखणं आणि पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, वजन 38 किलो. पाळी सुरू होऊन अकरा महिने झाले. पहिल्या दोन-तीन पाळ्या नीट गेल्या. मग ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं आणि दर महिन्याला वाढतच गेलं. आता पाळी संपल्यावरही आठवडाभर दुखतं, मधेच तपकिरी डाग पडतात. मेफ्टाल स्पासने आधी बरं वाटायचं, आता तिचाही उपयोग होत नाही. सोनोग्राफीत उजवीकडे 7 × 5 सेंमीची गाठ निघाली, 'चॉकलेट सिस्ट असावी' असं लिहिलंय, म्हणजे बीजाशयातली जुन्या रक्ताची गाठ. रक्ततपासणीत सीए-125 थोडं वाढलंय. डॉक्टर पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून गाठ काढू म्हणतात, वेळ पडली तर उजवं बीजाशयही. मुलीला जन्मापासून उजवी किडनी नाही. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच ते कळलं होतं, पण आता कुणी विचारलं नाही म्हणून आम्हीही बोललो नाही. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की थांबेल. ऑपरेशन करावं का? शिवाय माझ्या नणंदेच्या मुलीला सोळावं सरलं, छातीची वाढ झाली आहे, पण पाळीच नाही आणि दुखतही नाही. तिचं काय करावं?
— एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, ताप नसेल आणि दुखणं हाताबाहेर गेलेलं नसेल, तर पुढच्या आठवड्याची तारीख पुढे ढकला. किडनीबद्दलचं जे वाक्य तुम्ही पत्रात शेवटी-शेवटी लिहिलंय, ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या एका वाक्याने सगळ्या तपासाची दिशा बदलू शकते.

पत्र वाचून निदान करता येत नाही. पण 13 वर्षांची मुलगी, पाळी सुरू झाल्यावर काही महिन्यांतच एकाच बाजूला चढत जाणारं दुखणं, त्याच बाजूला गाठ आणि त्याच बाजूची किडनी जन्मापासून नसणं, एवढं जुळून आलं की एक शक्यता सगळ्यांत आधी तपासावी लागते. मुलीला दोन गर्भाशयं आहेत का, आणि उजवीकडच्या गर्भाशयाची बाहेर येण्याची वाट पडद्याने बंद आहे का? वैद्यकात याला 'ओहविरा' किंवा हर्लिन-वर्नर-वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांना तो प्रत्यक्षात क्वचितच भेटतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांना तो चटकन सुचला नाही यात नवल नाही.

किडनीचा आणि गर्भाशयाचा संबंध असा. पोटातल्या मुलीचं गर्भाशय दोन नळ्यांपासून तयार होतं, एक डावी, एक उजवी. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्या जवळ येऊन जोडल्या जातात, मधली भिंत विरते आणि एक गर्भाशय, एक गर्भाशयमुख आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. या नळ्यांच्या शेजारूनच आणखी एक नळी जाते, तिला फुटणाऱ्या कोंबातून त्या बाजूची किडनी घडते. ही शेजारची नळी बिघडली तर किडनी होत नाही आणि त्या बाजूच्या गर्भाशयाच्या नळीलाही खाली उतरायला आधार मिळत नाही. म्हणून दोन्ही दोष एकाच बाजूला दिसतात. जन्मापासून एकच किडनी असलेल्या मुलींपैकी सुमारे एक-तृतीयांश जणींच्या गर्भाशयाच्या किंवा योनीमार्गाच्या रचनेत काहीतरी वेगळं असतं. त्यातल्या थोड्याच जणींची वाट अडलेली असते. बाकीच्यांना त्रास होत नाही.

वाड्यात शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत आणि त्यातल्या एकीचं दार लिंपून टाकलंय, असं समजा. पाळी दोन्ही गर्भाशयांना येते. डावीकडचं रक्त बाहेर येतं, पॅडवर दिसतं, आणि घरच्यांची व डॉक्टरांची खात्री पटते की पाळी नियमित आहे. उजवीकडचं रक्त पडद्यामागे साठत राहतं. वाट पूर्णच बंद असती तर पाळीच आली नसती आणि कुणीतरी लवकर शोध घेतला असता. इथे पाळी 'येते' म्हणूनच महिने, कधी वर्षं वाया जातात. आधी योनीमार्गाचा तो बंद कप्पा फुगतो, मग गर्भाशय, मग बीजनलिका, आणि शेवटी रक्त पोटात उलटं सांडून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजणं) सुरू होतो. सीए-125 त्यानेही वाढतं. केवळ त्या आकड्यावरून कॅन्सरची भीती धरू नका.

तपकिरी डागांबद्दल तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. काही मुलींच्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं, किंवा दोन गर्भाशयमुखांमध्ये बारीक वाट असते. तिथून जुनं रक्त झिरपतं. दुखणं थोडं सौम्य राहतं, पण त्याच छिद्रातून जंतू आत जातात आणि साठलेल्या रक्ताचा पू होतो. डागांना घाण वास येऊ लागला किंवा ताप आला, तर वाट बघू नका.

दुखणं सहन करण्याबद्दल एक गोष्ट घरात सगळ्यांनी लक्षात ठेवावी. पहिल्या काही महिन्यांत बहुतेक मुलींच्या पाळीत बीज सुटत नाही, त्यामुळे त्या पाळ्या फारशा दुखत नाहीत. नेहमीचं पाळीचं दुखणं साधारण सहा महिने ते वर्षभराने सुरू होतं, पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत असतं, दोन्हीकडे किंवा मधोमध असतं आणि गोळीने आवरतं. तुमच्या मुलीचं यातल्या एकाही गोष्टीत बसत नाही. सासूबाईंचं म्हणणं नेहमीच्या दुखण्याच्या अनुभवातून आलेलं आहे, ते बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं कमी होतं. बंद पडदा लग्नाने उघडत नाही.

आधी सोनोग्राफी पुन्हा, मग एमआरआय

सोनोग्राफी पोटावरूनच करायची, लघवी भरून. आतून करायची गरज नाही. प्रश्न मात्र नेमके विचारायचे : गर्भाशयं किती दिसतात? उजवं बीजाशय गाठीपासून वेगळं दिसतं का? गाठ बीजाशयाच्या जागी आहे, की मूत्राशयाच्या मागे खाली उतरलेली आहे? दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दोन्ही बीजाशयं वेगळी, नीट दिसत असतील तर ती गाठ बीजाशयाची नाही, आणि 'चॉकलेट सिस्ट' हा शब्द अहवालातून गेला पाहिजे. पडद्यामागचं जुनं रक्तही सोनोग्राफीत चॉकलेट सिस्टसारखंच धुरकट दिसतं, म्हणून ही गफलत होते.

खरं उत्तर एमआरआय देतो. त्यात किरणोत्सर्ग नसतो, या वयाच्या मुलीला भूल लागत नाही, अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहावं लागतं. मशीनचा आवाज मोठा असतो, हे तिला आधी सांगा म्हणजे ती दचकणार नाही. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय पेल्व्हिस' लिहून आणू नका. त्याखाली एवढं लिहून घ्या : जन्मापासून उजवी किडनी नाही, दुहेरी गर्भाशय आणि उजवीकडे अडलेला योनीमार्ग आहे का, पडद्याची जाडी किती, पडद्याची खालची कड योनीद्वारापासून किती सेंटिमीटरवर, बीजनलिकेत रक्त आहे का, उजवीकडे खुरटलेली किडनी किंवा भलत्याच जागी उघडणारी मूत्रनलिका आहे का. शेवटचा मुद्दा उगाच नाही. 'नाही' म्हणून नोंदलेली किडनी कधीकधी सुपारीएवढी, निकामी अशी सापडते आणि तिची नळी त्या बंद कप्प्यात उघडते. हे आधी कळलं नाही, तर पडदा काढल्यावर मुलीला सतत लघवी ठिबकू लागते आणि सगळे ऑपरेशनला दोष देतात.

एमआरआय होईपर्यंत गाठीत सुई घालून रक्त काढू देऊ नका, पाळी बंद करणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्याही सुरू करू नका. आतलं रक्त काकवीसारखं घट्ट असतं, सुईने पुरतं निघत नाही, उलट बाहेरचे जंतू आत जातात. शिवाय कप्पा भरलेला असतो तोवरच पडदा ताणलेला आणि ओळखू येणारा असतो. रिकामा झाला की तो भिंतीला चिकटून बसतो आणि सर्जनला शोधूनही सापडत नाही.

तपासणीच्या खोलीत तुम्ही सोबत राहा. तपासायला हरकत नाही, पण काय करणार हे डॉक्टरांनी आधी मुलीला सांगावं, तिने हो म्हटल्यावरच करावं. बाहेरून पाहून आणि पोट तपासून बरंच कळतं. आतली तपासणी लागलीच तर ऑपरेशनच्या वेळी भुलीखाली होते.

दुर्बिणीचं ऑपरेशन आधी का नको

लॅप्रोस्कोपीत सर्जन वरून, पोटातून पाहतो. त्याला फुगलेलं गर्भाशय दिसेल, रक्ताने भरलेली नलिका दिसेल, एंडोमेट्रिओसिसचे काळे ठिपके दिसतील, आणि जे दिसतं ते काढायचा मोह होईल. अडथळा खाली आहे. नलिका किंवा बीजाशय काढलं आणि पडदा तसाच राहिला, तर दोन-चार पाळ्यांनंतर दुखणं परत, आणि मुलीचा एक चांगला अवयव गेलेला. एंडोमेट्रिओसिस बहुतेकदा वाट मोकळी केल्यावर आपोआप ओसरतो. उजवं गर्भाशय काढायचीही सहसा गरज पडत नाही. दुर्बीण लागते ती निदान संशयाचं राहिलं तर, किंवा पोटात पू झाला, आतले अवयव एकमेकांना चिकटले तर.

खरी शस्त्रक्रिया योनीमार्गातून होते. पूर्ण भूल, लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं. एमआरआयमधल्या जागेवर फुगवटा हाताला लागतो. तिथे सुई टोचून काळपट घट्ट रक्त आलं की जागा पक्की होते, आणि सुई न काढता तिच्याच कडेने छेद घेतात. कप्पा सलाइनने धुतात. इथपर्यंत सगळीकडे सारखंच. फरक पुढे पडतो. नुसती चीर किंवा छोटं भोक पाडून थांबलं तर कडा एकमेकींना चिकटतात, वाट पुन्हा बुजते, आणि आता तर आत जंतूही गेलेले असतात. म्हणून पडदा शक्य तितका मोठा, वर गर्भाशयमुखापर्यंत आणि खाली योनीच्या भिंतीपर्यंत कापून काढायचा, कडांची त्वचा विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवायची. शेवटी दोन्ही गर्भाशयमुखं शेजारी-शेजारी दिसली पाहिजेत. तुमच्या सर्जनला सरळ विचारा, 'पडदा नुसता उघडणार, की पूर्ण काढणार?' या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांचा या कामातला हात कळतो.

पडदा पातळ आणि खाली असेल तर हे एकाच वेळी उरकतं, एक-दोन दिवसांत घरी. पडदा जाड असेल, फार वर असेल, किंवा आत पू असेल तर दोन टप्प्यांत करणं शहाणपणाचं. आधी पू काढून प्रतिजैविकं, मग सूज उतरल्यावर पडदा. लहान चणीच्या मुलीत, जाड आणि उंच पडदा असेल तर काही तज्ज्ञ हॉर्मोनने पाळी थांबवून थोडी वाढ होऊ देतात. तोही योग्य निर्णय असतो. तो एमआरआयनंतरचा, हे विसरू नका.

तारीख महिनाभर लांब मिळाली आणि मधल्या पाळीचं दुखणं टाळायचं असेल, तर एमआरआय झाल्यावर नॉरएथिस्टेरॉनसारखी गोळी खंड न पाडता देऊन पाळी थांबवता येते. मात्रा डॉक्टर ठरवतील, शेजारणीची चिठ्ठी नको. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल : 38 किलोच्या मुलीला 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. मेफ्टाल स्पासमधलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं. एक किडनी म्हणजे कायमची बंदी नव्हे, पण उलट्या होत असताना, जुलाब असताना, उपाशीपोटी, पाणी प्यायलेलं नसताना ती गोळी देऊ नका, आणि रोजच्या रोज तर नाहीच.

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस तपकिरी स्राव जातो, तो साठलेला माल असतो. सहा आठवडे फक्त पॅड, टॅम्पॉन किंवा कप नाही. सहा आठवड्यांनी तपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी, तिसऱ्या महिन्यात पुन्हा. दोन-तीन पाळ्या चांगल्या गेल्यावर जुनंच दुखणं परत सुरू झालं, तर वाट बुजली आहे असं समजून त्याच सर्जनकडे जा.

जाण्याचं ठिकाण निवडताना जवळच्यापेक्षा तीन गोष्टी एकत्र असलेलं बघा : स्त्रीरोग विभाग, बालशल्य किंवा मूत्रविकार विभाग, आणि एमआरआय वाचणारे अनुभवी रेडिओलॉजिस्ट. तुमच्याकडून लोणीचं प्रवरा, पुण्याचं ससून, लागलंच तर मुंबईचं केईएम, अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विचारा. पहिलाच प्रश्न : 'योनीमार्गातल्या जन्मजात पडद्याची शस्त्रक्रिया इथे कोण करतं?' खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कोणत्या नावाखाली बसते, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) विचारा. शिधापत्रिका आणि आधार सोबत न्या. आणि गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा तो जुना अहवाल घरात असेल तर फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा.

पत्रात विचारलेलं नाही, पण 'लग्न' या शब्दामागे आहे असं वाटतं, म्हणून लिहितो. अरुंद दुर्बीण वापरून, योनीद्वाराजवळचा पातळ पडदा न दुखावता हे ऑपरेशन करता येतं. तशी इच्छा असेल तर आधी सांगा. मात्र आतला अडथळा पूर्ण निघणं हे पहिलं. बाहेरच्या पडद्यासाठी आतलं काम अर्धवट सोडू नये. त्या पडद्यावरून कुणाच्याही चारित्र्याचं काही सिद्ध होत नाही, खेळतानाही तो ताणला जाऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव, काढलेला भाग आणि दोन गर्भाशयमुखांची नोंद असू द्या. पुढे तिला त्याचा उपयोग आहे : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी दोन्ही मुखांची करावी लागते, आणि एका गर्भाशयात तांबी बसवून भागत नाही.

मुलं होतील का? वाट वेळेत मोकळी झाली तर होतात, दोन्हींपैकी कुठल्याही गर्भाशयात. प्रत्येक गर्भाशय नेहमीपेक्षा लहान असल्याने गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, बाळ पायाळू असणं आणि सिझेरियन यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून गरोदरपणी नाव मोठ्या रुग्णालयात घालायचं. किडनीसाठी वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन. हे लग्न-मुलांशी न जोडता आयुष्यभर.

मुलीला तिच्या वयाला पेलेल असं खरं सांगा, एक चित्र काढून सांगितलं तर उत्तम. 'तुझ्यात काहीतरी वाईट आहे' अशी समजूत या वयात पटकन होते.

वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो या वेळी : 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आणि ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव, लघवी तुंबणं, किंवा अचानक असह्य कळ आणि उलट्या. शेवटच्यात बीजाशयाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे काही तासही महत्त्वाचे असतात.

आता नणंदेच्या मुलीचं. तिचं प्रकरण वेगळं आहे. पंधरा पूर्ण होऊनही, किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं होऊनही पाळी नसेल तर तपासायचं, 'आमच्याकडे उशिराच येते' म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला एफएसएच, टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनच्या रक्ततपासण्या आणि पोटावरून सोनोग्राफी. दर महिन्याला दुखत नाही, म्हणजे रक्त अडून साठत असण्याची शक्यता कमी. गर्भाशयच तयार झालेलं नसणं ही शक्यता येते. हे साधारण 4,500 ते 5,000 मुलींमागे एकीला असतं, त्यात बीजाशयं चांगली असतात. तशीच छातीची वाढ पण गर्भाशय नाही असं चित्र दुसऱ्याही एका कारणाने दिसतं, म्हणून टेस्टोस्टेरॉनसोबत गुणसूत्रांची तपासणी लागते. तिची किडनीही एकदा पाहून घ्यावी. सोनोग्राफीत 'लहान गर्भाशय' असं आलं तर त्यावर विसंबून पाळी आणण्याच्या गोळ्यांचे कोर्स मागून कोर्स देऊ नका. गर्भाशयाच्या जागी उरलेला छोटा अवशेषही तसा दिसतो, आणि त्याचा निकाल एमआरआयच लावतो. पुढे योनीमार्ग लांब करायची गरज वाटली तर पहिला उपाय ऑपरेशनचा नसतो, रोज थोडा वेळ वापरायच्या डायलेटरचा (योनीमार्ग हळूहळू ताणणाऱ्या साधनाचा) असतो. तो कधी सुरू करायचा हे तिने मोठी झाल्यावर स्वतः ठरवायचं, लग्नाची तारीख बघून घरच्यांनी नाही.